जोडीदाराची चाचणी

हाड मोडल्याचा आवाज तुम्ही ऐकला नसेल तर चांगलंच आहे. ओला बांबू मोडावा तसा तो असतो. त्यानंतर क्षणभर सगळं गप्प होतं आणि मग माणूस ओरडतो.

दादू सुतार ओरडला तेव्हा मी तालमीतल्या कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर मनगटाला पट्टी गुंडाळत होते. जोडीदाराने त्याचा उजवा हात पाठीमागे नेऊन खांद्याकडे चढवला होता. हा डाव आम्ही रोज करतो. हात जिथवर जातो तिथवर न्यायचा, की समोरचा आपोआप उलटतो. जोडीदार तिथवर थांबला नाही. कोपर उलट्या बाजूला वळलं, हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर आलं आणि दादूचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"खुंटी! खुंटी ओढा!" आमचे वस्ताद आण्णा ओरडले.

जोडीदाराच्या कमरेला मागच्या बाजूने एक लाल खुंटी आहे. ती ओढली की त्याच्यातली हवा सुटते आणि तो जागच्या जागी थांबतो. पण लंगोटाशिवाय हौद्यात कोणी उभं राहायचं नाही हा आमच्या तालमीचा रिवाज, म्हणून पोरांनी पहिल्याच दिवशी यंत्रालाही लंगोट नेसवला होता. त्या दिवशी आम्ही पोट दुखेस्तोवर हसलो होतो. आता ती गाठ मातीने घट्ट झाली होती आणि खुंटी तिच्याखाली होती. आमच्यातला थोरला पैलवान हणमा दोन्ही हातांनी गाठ ओरबाडत होता आणि तेवढ्या वेळात दादूचा हात आणखी वर जात होता. शेवटी हणमाने लंगोटच फाडला आणि खुंटी ओढली. फुस्स करून हवा सुटली आणि दादू तोंडावर पडला.

दादू आमच्यात सगळ्यात हलका. अंगात मांस कमी आणि मस्ती जास्त. त्याला एवढ्या ताकदीने धरायचं कारणच काय होतं, हे कुणाला कळेना.

हे यंत्र तालमीत कसं आलं ते सांगते. माझं नाव वैजयंता मगदूम, आणि या तालमीचे वस्ताद आण्णाप्पा मगदूम माझे वडील. आमच्या गावात आता पोरं डोळ्यांवर खेळाचे चष्मे चढवून घरबसल्या कुस्त्या खेळतात. अंगाला माती लावायला कुणी तयार नाही. पैलवानाला तोलामोलाची जोड मिळाली नाही तर तो गंजतो, आणि माझ्या वजनाची बाई तर पंचक्रोशीत नव्हती. दसऱ्याच्या मैदानात माझी कुस्ती उत्तरेकडच्या एका दांडगट बाईशी लागली होती. तिने मागच्या वर्षी एकीचा खांदा निखळवला होता. सरावाला जोड मिळाली नाही तर माझंही तेच होणार, हे आण्णांना कळत होतं आणि मलाही. म्हणून उद्यमनगरातल्या एका कंपनीने बनवलेला हा यांत्रिक जोडीदार आम्ही आणला. कंपनी निवडण्याचं कारण सरळ होतं. माझी आक्का, संयोगिता, तिथे कामाला होती.

जोडीदाराच्या अंगात लोखंडी सांगाडा आणि त्यावर रबरी स्नायू. स्नायूंत हवा भरली की ते आवळतात. खरी करामत त्याच्या डोक्यात होती. समोरचा किती रेटा देतो यावरून तो त्याच्या ताकदीचा अंदाज बांधतो आणि आपला जोर त्याच्यापेक्षा थोडा वर ठेवतो. तुम्ही वाढलात की तो वाढतो. त्यामुळे प्रत्येकाला आपल्याहून सव्वापट जोड मिळते. नवा पैलवान समोर आला की हा अंदाज पुसून पुन्हा खालून सुरू करायचा. आता नवा पैलवान आला हे यंत्राला कळणार कसं? आधी चेहरा ओळखणारा कॅमेरा होता. पण माती फासलेली सगळी तोंडं सारखीच दिसतात, म्हणून तो काढला. त्याऐवजी तळहातात एक चकती बसवली. कुस्तीआधी पैलवान हाताला हात लावून सलामी देतात. सलामी झाली की नवी कुस्ती सुरू, असा हिशेब.

आणि हे सगळं नीट चालतं का, ते तपासायचं काम आक्काचं. त्याला युनिट टेस्ट म्हणतात. तिने मला एकदा जेवताना समजावलं होतं. एका चाचणीत एकच गोष्ट बघायची. चाचणी सुरू झाली की संगणकाच्या आत एक कोरा जोडीदार उभा राहतो, हौद्यातला नाही, नुसता हिशेबातला. त्याला एक काम द्यायचं. रेटा दिला की जोर वाढवतोस का? वाढवला, म्हणजे हिरवी ओळ. नाही वाढवला, तर लाल. मग तो जोडीदार पुसून टाकायचा आणि पुढच्या चाचणीला दुसरा कोरा उभा करायचा. सलामी दिल्यावर जोर उतरतो का? हिरवी. खांदे टेकल्यावर सोडतो का? हिरवी. खुंटी ओढल्यावर थांबतो का? हिरवी. अशा शेकडो चाचण्या एका चौकटीत बसवलेल्या असतात. एक कळ दाबली की सगळ्या धावतात आणि चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत निकाल येतो.

"एका डावाचा दोष दुसऱ्याला लागू नये, म्हणून दरवेळी कोरा घ्यायचा," आक्का म्हणाली होती. मला ते पटलं होतं.

दादूला दवाखान्यात नेलं त्याच दुपारी आक्का तालमीत आली. बरोबर तिचे साहेब, शिरगुप्पे. आक्का नेहमीसारखी ओट्यापर्यंतच आली. ती त्याच्या पुढे येत नाही. माझ्याहून ती बरीच मोठी, आणि तिच्या लहानपणी तालमीत बाईमाणसाला पाय ठेवू देत नसत. एकदा ती दाराच्या फटीतून जोर, म्हणजे सरावाच्या कुस्त्या, बघताना आण्णांना सापडली. त्यांनी छडी मोडेपर्यंत मारलं. ते वळ मी पाहिलेत, अजून पाठीवर आहेत. माझ्या वेळेपर्यंत वारं बदललं, पोरी पदकं आणायला लागल्या आणि त्याच आण्णांनी मला बोट धरून हौद्यात उतरवलं. आक्का यावर कधी बोलली नाही. तिचं न बोलणं मला जास्त लागायचं.

तिने ओट्यावर लॅपटॉप उघडला आणि कळ दाबली. पडद्यावर हिरव्या ओळी वरून खाली घसरत गेल्या. एकही लाल नाही.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. पण तिचा आवाज तिला स्वतःलाच पटत नव्हता.

"पास हाईत न्हवं सगळ्या?" आण्णा म्हणाले. "मग दादूचंच कायतरी चुकलं."

"त्यानं वेडंवाकडं अंग दिलं असणार," शिरगुप्पे म्हणाले. "यंत्र असं करणार नाही."

नेमका तेव्हाच दादूचा थोरला भाऊ रंगराव दवाखान्यातून आला. सदऱ्यावर भावाचं रक्त वाळलं होतं. त्याने शेवटचं वाक्य ऐकलं आणि शिरगुप्प्यांच्या कानाखाली काढली. चष्मा भिंतीवर जाऊन फुटला. साहेब खाली बसले तशी त्याने छातीत लाथ घातली. आक्का मध्ये पडली. रंगरावने तिला झिडकारलं. ती ओट्याच्या कडेवर तोंडावर आपटली आणि तिचा ओठ फाटला.

मग मी काय केलं ते मला तुटक तुटक आठवतं. त्याचं मनगट माझ्या हातात होतं, मी वळले आणि तो माझ्या पाठीवरून गेला. मातीत नाही, फरशीवर. तो हनुवटीवर आदळला. मी त्याच्या मानेवर गुडघा दिला आणि केस धरून तोंड पुन्हा आपटलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. तिसऱ्यांदा आपटणार इतक्यात आक्का ओरडली.

"वैजू, सोड त्याला!"

मी सोडलं. रंगरावने रक्ताबरोबर दात थुंकला आणि आक्काकडे बघितलं.

"ह्या तुझ्या हिरव्या वळी," तो म्हणाला, "जा, माझ्या भावाच्या हाताला बांध."

त्या संध्याकाळी आक्का आमच्याकडेच राहिली. ओठाला टाके पडले होते, त्यामुळे जेवण गेलं नाही, आणि गेलं असतं तरी ती जेवली नसती. कंपनीचा फोन आला. दोष दादूचा आहे असं लिहून दिलं तर प्रकरण मिटेल, यंत्रही तालमीत राहील. नाहीतर चाचण्या लिहिणारीवर शेकेल.

"लिहून दे," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांपुढे दसऱ्याचं मैदान होतं. "सगळं हिरवं आलंय की."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली.

"हिरवं आलंय म्हणून तर झोप न्हाई मला," ती म्हणाली. "मी जे विचारलं त्याचं उत्तर बरोबर आलं. जे विचारलंच न्हाई ते काय, ते मला दिसंना झालंय. उद्या जोर करा. आज केला अगदी तसाच. मी बघतो."

"आन परत कुणाचा हात गेला तर?"

"म्हणून तर नको म्हणायलोय तुला उतरायला."

"मग कुणाला उतरवतीस? दुसऱ्याच्या पोराला?" मी म्हणाले. 

सकाळी उन्हं आत यायला लागली तेव्हा आम्ही सगळे जमलो. माती नव्याने खणून त्यात ताक आणि लिंबू मिसळलं होतं. जोडीदार मधोमध उभा होता, आज लंगोटाविना, खुंटी उघडी. आक्का ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली. यंत्राचा जोर पडद्यावर एका उभ्या पट्टीत तिला दिसत होता. रंगरावही आला होता. तोंड सुजलेलं, हातात पहार. पुन्हा काही झालं तर यंत्र फोडूनच जाणार, असं त्याने दारातच सांगितलं. कुणी त्याला अडवलं नाही.

आम्ही हौद्यात उतरताना माती कपाळाला लावली. खणलेल्या मातीत पहिला मान थोरल्या पैलवानाचा, म्हणून आधी हणमा. हणमा म्हणजे रेडा. गळीत हंगामात तो साखर कारखान्यावर असतो. दादूचा हात मोडला त्याच दिवशी तो परत आला होता आणि दादूच्या आधी जोडीदाराला पहिल्यांदा भिडला होता. आजही दोघं चांगलेच घुमले. शेवटी हणमा धापा टाकत बाजूला झाला आणि म्हणाला, "उतर वैजू."

मी सरळ पुढे गेले आणि जोडीदाराचा हात पकडला.

पकडल्या क्षणी कळलं की काहीतरी चुकलं. रोज तो आधी जोखून बघायचा. आज त्याने मला उचलूनच आदळलं. छातीतला वारा गेला. मी वळायला बघितलं तर त्याचा हात गळ्याखालून आला आणि दुसऱ्या हाताने त्याने आपलंच मनगट धरलं. मी जीव खाऊन रेटा दिला. पैलवानाच्या अंगाला दुसरं काही माहीतच नसतं. मी जेवढा रेटा दिला तेवढा तो आवळत गेला. मग तो मला घेऊन मागे कलंडला. तो खाली, मी त्याच्यावर उताणी, आणि खुंटी त्याच्या पाठीखाली मातीत.

मानेत कटकट ऐकू आली. डोळ्यांपुढचं छप्पर लाल झालं.

"खुंटी घावंना!" हणमा ओरडत होता. आण्णांनी यंत्राची बोटं उचकटायला हात घातला आणि त्या बोटांत त्यांची दोन बोटं चिरडली. त्यांचं ओरडणं माझ्या कानाशीच झालं. मग रंगरावची पहार आली. ज्या बाईने काल त्याचा दात पाडला तिच्यासाठी तो सगळ्या ताकदीने घाव घालत होता. पण रबर पहारीला परत उडवायचं आणि प्रत्येक घाव माझ्या गळ्यात उतरायचा.

"थांबा!" हा आक्काचा आवाज होता. "पट्टी उतरलीच न्हाई! ते अजून हणमाशीच लढतंय! सलामी! वैजू, सलामी दिली न्हाईस तू?"

सलामी मैदानात देतात, आक्का. कुस्तीच्या सुरुवातीला, लोकांसमोर. तालमीतल्या जोरात कुणी कुणाला सलामी देत नाही. सकाळी एकदा माती कपाळाला लावली की झालं. मग एकामागून एक भिडत जायचं, वस्ताद थांबवेपर्यंत. हे तालमीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आक्काने कुस्ती पाहिली होती ती मैदानांच्या चित्रफितींमध्ये. जोर तिने कधीच पाहिला नव्हता. एकदाच बघायला गेली होती, फटीतून.

हे सगळं मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी मरत होते.

मला दिसली ती आक्काची चप्पल. चपलेसकट ती हौद्यात उडी मारून आली. गुडघ्यांवर बसली आणि माझ्या गळ्याभोवतीच्या त्या लोखंडी हाताच्या तळव्यात तिने आपला तळवा खुपसला.

हवा सुटली. हात ढिला पडला. मी मातीत लोळले आणि ओकले.

जोडीदार उठला. त्याच्या हिशेबात आता नवी कुस्ती सुरू झाली होती आणि समोरची पैलवान आक्का होती. खालून सुरू केलेला त्याचा जोर आम्हाला हलका वाटतो. पण आक्काने जन्मात कुणाची पकड सोसली नव्हती. हणमा खुंटीकडे झेपावेपर्यंत त्याने तिला कमरेला धरून उचललं आणि खाली टाकलं. पडायचं कसं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. ती खांद्यावर पडली आणि मी तो आवाज पुन्हा ऐकला. या वेळी बारीक, गळ्याजवळचं हाड.

यंत्र तिच्यावर बसलं. रेटा दिला की ते वाढणार होतं. वेदनेने कुणीही अंग आवळतं, हातपाय झाडतं.

"सैल सोड पोरी! अंग सैल सोड!" आण्णा रडत ओरडले.

तिला ते सांगायची गरज नव्हती. मी तिचं तोंड बघत होते. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, टाके तुटून ओठातून रक्त चाललं होतं, आणि अंग मात्र चिंधीसारखं सैल. रेटा नसेल तर जोर वाढत नाही, ही चाचणी तिनेच लिहिली होती. जोडीदाराने तिचे दोन्ही खांदे मातीला टेकवले, मोडलेल्या हाडासकट. मग सोडून दिलं आणि दोन पावलं मागे सरला. हणमाने खुंटी ओढली.

रंगरावने पहार उचलली.

"फोडू नको," आक्का पडल्या पडल्या म्हणाली. "दादूचा पुरावा हाय त्यो."

आण्णा तिच्याजवळ गुडघे टेकून बसले. त्यांच्या चिरडलेल्या बोटांतून रक्त टपकत होतं. दुसऱ्या हाताने त्यांनी मूठभर माती उचलली आणि तिच्या कपाळाकडे नेली. नव्या पैलवानाला वस्ताद लावतात तशी. मला रडू फुटलं.

आक्काने चांगल्या हाताने त्यांचा हात झटकून टाकला.

"तेव्हा लावली असती," ती म्हणाली, "तर दादूचा हात जाग्यावर असता."

आण्णांची मूठ तशीच राहिली. माती बोटांच्या फटींतून गळत होती. 

हणमा रिक्षा बघायला धावला. आक्काने लॅपटॉप मागितला. मी मान हलवू शकत नव्हते, तरी सरपटत जाऊन तो आणला आणि तिच्या मांडीवर धरला. ती हौद्याच्या भिंतीला टेकून डाव्या हाताने एकेक अक्षर टिपत होती, मध्येच दात खात होती. एक कोरा जोडीदार उभा कर. त्याच्यापुढे हणमाएवढा रेटा. मग तो पुसू नको, सलामी देऊ नको. लगेच दादूएवढा रेटा. जोर उतरला का?

तिने कळ दाबली. हिरव्या ओळी घसरल्या आणि तळाशी एक लाल ओळ येऊन थांबली.

रंगराव वाकून बघत होता. "म्हंजे काय?"

"म्हंजे दादूचं काय चुकलं न्हवतं," आक्का म्हणाली. "चूक माझ्यात व्हती, आन मी ते लिहून देणार."

रंगरावने पहार खाली ठेवली. फुटलेलं तोंड ओंजळीत धरून तो एवढा मोठा गडी हुंदके देऊन रडायला लागला. कंपनी आता यंत्र घेऊन जाणार, माझी दसऱ्याची कुस्ती गेली, आक्काची नोकरीही बहुतेक गेली, हे मला दिसत होतं. तरी ती लाल ओळ बघून छातीवरचं ओझं उतरलं.

बाहेर रिक्षा येऊन थांबली. आक्का उठली नाही. तिने आण्णांकडे बघितलं.

"आन काय काय करतासा तुम्ही आत?" ती म्हणाली. "मला कधी दिसलं न्हाई असं. सगळं सांगा."

आण्णांनी मुठीतली उरलेली माती हौद्यात परत टाकली. मग ते तिच्या पायांपाशी बसले आणि सकाळी दार उघडल्यावर सगळ्यात आधी मातीला कोण हात लावतं, तिथपासून सांगायला लागले.